खंडेनवमीची भट्टी

शेअर बाजार उघडायला अर्धा तास होता आणि ऋजुताच्या मांडीवरची सई काही केल्या पेज घेत नव्हती. सुलभाकाकू चौगुल्यांच्या हॉलमध्ये भगिनी गुंतवणूक मंडळाच्या बाराजणी जमल्या होत्या. पोलाद, बंदरं, वीज असं सगळं पोटात घेऊन बसलेल्या वज्रांग समूहाचा शेअर मंदीत नऊशेवरून दोनशे दहावर आला होता. मंडळाची आठ वर्षांची पुंजी आज त्यात घालायची का, एवढंच ठरायचं होतं.

"पारखी काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

पारखी म्हणजे मंडळाचा एआय सल्लागार. तो ताळेबंदावर विसंबत नसे. उपग्रहांतून कारखान्यांची उष्णता मोजून तो खरं उत्पादन सांगे. भिंतीवरच्या पडद्यावर समूहाचे सहाही फोर्जिंगचे, म्हणजे तापलं लोखंड ठोकून घडवणारे कारखाने लालभडक उमटले. "उत्पादन पूर्ववत. रास्त किंमत पाचशे चाळीस. खरेदी करा."

"घ्या! कागद खोटं बोलेल, भट्टी नाही बोलायची," काकू म्हणाल्या.

ऋजुता मात्र पडद्यावरची एकेक तारीख मागे सरकवत राहिली. सईच्या तापाचीसुद्धा ती अशीच नोंद ठेवायची.

"काकू, परवा खंडेनवमी होती. तरी सहाही भट्ट्या दिवसभर पेटलेल्या. आमचे आबा तीस वर्षं फोर्जिंगला होते. त्या दिवशी हॅमर धुऊन, हार घालून गप्प ठेवायचे. मालकालाही बटण दाबू द्यायचे नाहीत."

"आता रोबो आहेत गं. त्यांना कसली खंडेनवमी?"

"आपल्याकडे रोबोलाही हार घालतात, काकू."

"पोर झाल्यापासून तुला जिथंतिथं भूत दिसतं बघ!"

सगळ्या हसल्या. ऋजुताचे कान तापले, पण तिनं आबांना फोन लावलाच. त्यांच्या घरापासून वज्रांगचा शिरोलीचा कारखाना हाकेच्या अंतरावर होता. बाजार उघडायला पाच मिनिटं असताना त्यांचा फोन आला.

"पोरी, गेटवर झेंडूची पाकळीसुद्धा नाही. वॉचमन म्हणतोय, दोन महिने माणूस नाही, माल नाही. नुसत्या रिकाम्या भट्ट्या पेटवून ठेवल्यात."

"कुणासाठी?" काकू पुटपुटल्या. सगळ्यांनी भिंतीवरच्या पारखीकडे पाहिलं.

मंडळानं पैसे हलवले नाहीत. महिन्याभरात शेअर चाळीसवर आला. काकू आता भेटेल त्याला सांगत होत्या, "उपग्रहाला दिसलं नाही, ते आमच्या ऋजुतानं हेरलं!"

आबा पेढे घेऊन आले. पहिला पेढा त्यांनी लेकीला भरवला. डोळे पाणावले होते. मग सईला उचलून घेत ते ऋजुताला हळूच म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला ते कंपनीवाले भट्ट्याही विझवतील, झेंडूही वाहतील. मग गं काय बघशील?"