कापसाच्या खोलीतली नावाडीण

"मामाजी, थांबा ना वो... थे कागद तरी काढू द्या मले!"

उर्वशीचे शब्द पुरते बाहेर पडायच्या आत सासऱ्यांनी, गोविंदाजींनी, तिचं टेबल उचलून दाराबाहेर नेलंही होतं, आणि त्याच्यावरची ती चित्रांची सुटी पानं ओसरीभर, अंगणभर उधळली होती!

"मंग कापूस कुठं ठिवू? माह्या डोक्यावर?" ते कडाडले. "लेकराईच्या कार्टुनापायी घरचा माल उघड्यावर टाकू?"

महागावजवळच्या त्या घरात दोन हजार सहाच्या हंगामात माणसांपेक्षा कापूसच जास्त राहत होता. पडत्या भावात माल द्यायचा नाही, असा गोविंदाजींचा हट्ट. आज चढेल, उद्या चढेल या आशेवर कापूस आधी ओसरीत आला, मग स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकला, आणि आता सुनेच्या खोलीवर त्याची नजर गेली होती.

उर्वशी नागपूरची. विहारात येणाऱ्या एका जपानी भंतेजींकडून लहानपणी हौसेने उचललेली भाषा तिने पुढे जिद्दीने शिकली, आणि जपानी चित्रकथा इंग्रजीत आणणारी अनुवादक म्हणून साता समुद्रापार तिचा लौकिक झाला. घरी मात्र ती 'कार्टूनवाली सून'! नवरा धम्मरत्न एसटीत वाहक. त्याचा अर्धा जन्म पुसदच्या गाड्यांत. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं, रुखमाबाईंचं, न्हाऊमाखू घालण्यापासून सारं उर्वशीच करी, आणि कधी तिच्या कपाळाला आठी पडली नाही.

तिच्या कामाची एक रीत होती. कुठलीही ओळ इंग्रजीत लिहिण्याआधी ती सासूच्या, तिच्या आत्याबाईंच्या, उशाशी बसून वऱ्हाडीत म्हणून बघायची. आत्याबाई हसल्या, हळहळल्या, तर ओळ जिवंत, "असं कोनी बोलते का?" म्हणाल्या, की पुन्हा पहिल्यापासून! सध्याच्या कथेत एक म्हातारी नावाडीण बेटावरच्या एकुलत्या एका विद्यार्थ्याला रोज नावेतून शाळेला नेत होती. तिचं जपानी नाव आत्याबाईंच्या जिभेला पेलेना, म्हणून ती इथे 'गंगी' झाली. गंगी दिवसेंदिवस थकत चालली होती... आणि आत्याबाईही. "गंगी त्या पोराले परीक्षेले पोचवते का, थे आयकल्याबिगर मी जात नाई," असं त्या हसत म्हणायच्या.

आज त्याच कथेचा शेवटचा भाग धुळीत पडला होता. काम सोपं व्हावं म्हणून तिने पुस्तक उसवलेलं, आणि चित्रं पार कडेपर्यंत गेल्यामुळे कित्येक पानांवर आकडाच नव्हता. तिने ओंजळभर पानं गोळा केली... आणि तशीच खाली ठेवली.

"तुमचं खरं हाय, मामाजी. घर आधी. मी हे काम सोडते. उद्याच पुसदहून सगळं परत धाडते."

ती वळली. आतून आत्याबाईंचा क्षीण, अडखळता स्वर आला, "सोडते? अन् माही गंगी...?"

बस्स! त्या एका प्रश्नासरशी इतका वेळ आवरलेला बांध फुटला, आणि सासूच्या कुशीत तोंड खुपसून उर्वशी लहान पोरीसारखी स्फुंदून स्फुंदून रडली. आत्याबाई चालत्या हाताने तिचे केस कुरवाळत राहिल्या.

बऱ्याच वेळाने ती डोळे पुसून बाहेर आली, तर गोविंदाजी अंगणात उकिडवे बसून पानं जुळवत होते.

"राहू द्या मामाजी. त्याइले नंबर नाई. तुम्हाले नाई समजणार."

"काहून नाई समजनार?" ते मान वर न करता म्हणाले. "हे पाह्य. आधी नावेत पानी शिरते, मंग पोरगं दप्तर फेकते, मंग गंगी हासते. तू हासनं आधी ठिवलं होतं. चुकली तू!"

उर्वशीने वाकून पाहिलं. पानं बरोबर लागली होती; आणि तीही आपल्यासारखी डावीकडून नव्हे, तर जपानी रीतीने, उजवीकडून डावीकडे!

"मामाजी... तुम्ही?"

"दुपारी कापसावर आंग टाकतो नं मी. दारातून दिसते, आयकू येते. आता कान काय काढून ठिवू?" त्यांचा तो राकट आवाज एकाएकी चिरकला. "एवढ्या वर्साच्या संसारात म्या रुखमीले कधी हासवलं नाई वं पोरी. तू रोज हासवते... अन् म्या तुहंच टेबल फेकलं!"

हातात उरलेली पानं त्यांनी तिच्यापुढे धरली. "याच्या पुढचं मले मालूम नाई. हे तूच लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मेटॅडोर उभा! गडी माणसं कापूस भरत होती. उर्वशी धावतच बाहेर आली. "मामाजी, हे काय करता? भाव चढन ना वो! वर्साची मेहनत हाय तुमची!"

"चढन तवा चढन," गोविंदाजी शांतपणे म्हणाले. "रुखमी थांबन का तवरिक?"

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

दुपारी टेबल त्यांनी स्वतः आणून बायकोच्या खाटेशी लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. उर्वशी एकेक पान उलटत सांगत गेली. गंगीचे हात वल्ह्यावर थरथरत होते, वारा उलटा होता, शाळेची घंटा होऊ घातली होती... आणि शेवटच्या पानाला नाव काठाला लागली.

आत्याबाईंचे डोळे झरत होते, ओठांवर हसू होतं. आणि गोविंदाजी, कुणासमोर कधी डोळे न पुसलेले गोविंदाजी, खाटेवर ओणवे होऊन, जणू बायकोने काही ऐकलंच नव्हतं असं, मोठमोठ्याने सांगत होते, "पोचलं वं रुखमे! पोरगं पोचलं!"

उर्वशी लिहायची ओळ विसरून दोघांकडे बघत राहिली.