गाऱ्हाण्यातली थांबायची जागा

आवाज आबांचाच होता, शब्दही आबांचेच होते, तरी गाऱ्हाणं काही होत नव्हतं. असं का होतंय, ते केतकीला कळेना.

खारवणे हे समुद्रकाठचं गाव. समुद्र वर्षानुवर्षं चढत आला होता आणि आता भरतीचं पाणी थेट अंगणात यायचं. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, यंत्रमानवांनी नवं गाव उभारलं होतं. घरं झाली, देऊळ झालं. राहिलं होतं फक्त गाऱ्हाणं. कोकणात नव्या कामाच्या आधी गावाचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" खारवण्यात हा मान केतकीच्या आजोबांचा, दिगंबर तांडेलांचा.

आणि आबांचा तर आवाजच गेला होता. घशाच्या आजारात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, पण बोलणं संपलं. हुबेहूब त्यांच्यासारखं बोलून दाखवणारं यंत्र शहरात मिळत होतं. ते आणायचा विषय निघाला तेव्हा आबांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'देवासमोर उसनो आवाज नको.' मग त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. 'मी वर येवचंय नाय. हयसरच रवतलंय.'

म्हणजे सगळं गाव वर गेलं तरी आबा इथेच राहणार होते.

आशा होती ती एका व्हिडिओची. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आबांनी दवाखान्यातल्या खाटेवर बसून संपूर्ण गाऱ्हाणं म्हटलं होतं आणि केतकीच्या बाबांनी ते टिपून ठेवलं होतं. केतकीने ते संगणकावर लावलं, शेजारीपाजारी जमले. पण नर्स दारात घाई करत उभी असल्यामुळे आबांनी सगळं एका दमात उरकलं होतं. लोकांचं "व्हय म्हाराजा" पुरतं होईपर्यंत पडद्यावरचे आबा तिसऱ्या वाक्यावर पोचलेले! कुणीतरी खुदकन हसलं. आबा उठले आणि आत निघून गेले.

केतकी रडत रडतच वैदेहीआजींकडे गेली. वैदेहीआजी शेजारच्याच. सारं आयुष्य त्यांनी ध्वनिप्रयोगशाळेत काढलं होतं आणि निवृत्त झाल्यावर त्या गावी परतल्या होत्या.

"मी वाक्यावाक्यामध्ये शांतता भरू का?" केतकीने विचारलं.

"किती भरशील? आबा किती थांबायचे?"

केतकीने डोळे पुसले. "सगळ्यांचं म्हणून होईपर्यंत. म्हाताऱ्या सोनूआजीचं नेहमी सगळ्यांच्या मागून येतं. तिचं संपलं की मग पुढचं वाक्य."

"मग ते आधीच कसं मोजून ठेवणार? थांबायची जागा ठरलेली आहे, पण किती थांबायचं ते ठरलेलं नाही. नेहमीच्या प्लेअरला हे कोण सांगणार? आणि हाताने थांबवायला जाशील, तर दोन वाक्यांत श्वासाएवढीही फट नाही."

"मग मी माझा स्वतःचा प्लेअर लिहिते!"

"लिही की. तुझी नातवंडं पुरा करतील." आजी हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "अगं, व्हिडिओ फाइलमध्ये दाबून दाबून बसवलेला असतो, नाहीतर तो मावणारच नाही. तो उलगडणाऱ्या भागाला डीकोडर (दाबलेलं चित्र आणि आवाज पुन्हा मोकळे करणारा प्रोग्रॅम) म्हणतात. तो लिहिताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ आलेत. मला सांग, घरात लग्न निघालं तर गावजेवण तुझी आई एकटी रांधते का?"

"नाही. आचारी बोलावतो."

"तसंच हे. जगभरच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून प्लेअरची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमांना वापरता येईल असं तयार कामांचं गाठोडं) लिहून ठेवली आहे. ती आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवायची. तुझा प्रोग्रॅम यजमान, लायब्ररी आचारी. आता यजमानाने काय काय करायचं?"

"आचाऱ्याला शिधा द्यायचा."

"ती तुझी व्हिडिओ फाइल. आणि चूल कुठे मांडायची ते दाखवायचं. प्रत्येक खिडकीला संगणक एक क्रमांक देतो. 'चित्र या खिडकीत काढ' म्हणून तो क्रमांक लायब्ररीला सांगायचा. मग हुकूम द्यायचे, चल, थांब. आणि शहाणा आचारी मधूनमधून बाहेर येऊन सांगतो ना, भात झाला, वरण झालं? तशी लायब्ररीही वर्दी देत राहते, की आता इथवर पोचले. त्या वर्दीला इव्हेंट म्हणतात. तुझ्या ठरलेल्या जागेची वर्दी आली, की तुझा प्रोग्रॅम म्हणेल, थांब."

"आणि 'चल' कधी म्हणायचं?"

"ते मला विचारू नकोस," वैदेहीआजी म्हणाल्या. "ज्याला ठाऊक आहे त्याला विचार."

केतकी कामाला लागली. पहिल्यांदा आबा तिच्या खिडकीत न येता भलत्याच वेगळ्या खिडकीत उगवले, कारण चूल दाखवायलाच ती विसरली होती. तेही जमलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटाला तिने खूण केली. खूण आली की आबा ओठ मिटून थांबायचे, आणि मोठी पट्टी, म्हणजे स्पेसची कळ, दाबली की पुढे बोलायचे.

गाऱ्हाण्याच्या आदल्या दुपारी ती प्रोग्रॅम घेऊन बाबांबरोबर सड्यावर गेली. देवळातला संगणक नवाकोरा होता आणि वर अजून इंटरनेट आलं नव्हतं. तिने प्रोग्रॅम सुरू केला. खिडकी उघडली, पण आत नुसता काळोख. चित्र नाही, आवाज नाही.

"घरी तर चालत होतं!" ती किंचाळलीच. (हे वाक्य जगातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरने एकदा तरी म्हटलेलं असतं. त्याने काही दुरुस्त होत नाही.)

वैदेहीआजी खाली गावात. काय चुकलं असेल? प्रोग्रॅम आणला, म्हणजे यजमान आला. लायब्ररीची फाइल आणली, म्हणजे आचारीही आला. शिधा आहे, चूल आहे. मग रांधत का नाही? आणि तिला लग्नातला आचारी आठवला. टेम्पोतून आधी उतरतात ती त्याची भांडी, झारे, कढया. डीकोडर लायब्ररीच्या मुख्य फाइलमध्ये नव्हतेच. ते प्लगिन (लायब्ररीला जोडायचे सुटे भाग) म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये होते, आणि तो फोल्डर घरच्या संगणकावरच राहिला होता. घरी चाललं ते त्याच्या जिवावर.

"बाबा, होडी काढा!"

सड्याखालून होडीने ती घरी पोचली तेव्हा भरती लागली होती आणि पाणी ओट्याच्या पायरीला टेकलं होतं. घर जवळजवळ रिकामं झालेलं. ओट्यावर आबा एकटेच पाटी मांडीवर घेऊन बसले होते. केतकीने आत जाऊन फोल्डर उतरवून घेतला आणि बाहेर येऊन त्यांच्यापुढे बसली.

"आबा, कुठे थांबायचं ते मी यंत्राला शिकवलंय. पण किती थांबायचं ते मला येत नाही. ते फक्त तुम्हाला येतं. 'चल' म्हणायची कळ तुम्हीच दाबायची. तुम्ही नाही आलात तर तुमचा आवाज पहिल्याच वाक्यावर अडून राहील."

आबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि बाबांच्या खांद्याला धरून होडीत पाय ठेवला.

सकाळी अवघं गाव सड्यावरच्या देवळात जमलं. आबा संगणकापुढे ताठ उभे राहिले आणि त्यांनी कळ दाबली.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी इली आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. पडद्यावरचे आबा थांबले होते. समोरचे आबाही थांबले होते. मागून सोनूआजीचा कापरा आवाज आला, "व्हय म्हाराजा..." तो विरला तेव्हा आबांचं बोट खाली गेलं.

"जे कोण आपलो गाव सोडून लांब गेले आसत, त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

दवाखान्यात आबांनी हे शहरात गेलेल्यांसाठी म्हटलं होतं. आज ते साऱ्या गावालाच लागू पडलं. लोकांना "व्हय म्हाराजा" म्हणायला वेळ लागला. आबांनी तेवढा वेळ दिला.

गाऱ्हाणं संपल्यावर केतकीने प्रोग्रॅम बंद करायला हात पुढे केला. आबांनी तो धरला आणि पाटीवर लिहिलं, 'फुडच्या वर्साक गाऱ्हाणा तू घाल. मी शिकयतंय.'

"तुम्ही कसं शिकवणार, आबा?" ती हळूच म्हणाली.

आबांनी पुन्हा पहिलं वाक्य लावलं. पडद्यावरचा आवाज वाक्य म्हणून थांबला. कळेवर बोट धरून आबा केतकीकडे पाहत राहिले, आणि तेच वाक्य ती म्हणेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही, दाबलंही नाही.