टाकी भरलेली, गाडी बंद

“मले काढा बेशक, बाई. पण लेकराले घेऊन या गाडीत दूर जाऊ नका,” ड्रायव्हर सूर्यभान जाताना म्हणाला होता.

रागाचं बोलणं, म्हणून अनुपमाने ते मनावर घेतलं नाही.

जुनी गाडी वाटेत बंद पडायची. अर्ध्या तासाने आपोआप चालायची. सूर्यभान पेट्रोल चोरतो आणि रॉकेल मिसळतो, असं ठरवून तिच्या यजमानांनी, चिंतामण वकिलांनी, त्याला काढलं होतं.

आणि आता दर्यापूरहून परतताना गाडी पुन्हा थांबली. स्टिअरिंगवर खुद्द वकील. अनुपमाच्या मांडीवर तापाने फणफणलेली तान्ही विमल. अकोला अजून लांब.

वकिलांनी बॉनेट उघडलं. “कार्बोरेटर कोरडा ठणठणीत!”

“टाकीत पेट्रोल आहे?”

“पंपावर डोळ्यांदेखत भरलंय.”

“मग यात रॉकेल कोणी घातलं? सूर्यभान तर कधीच गेला.”



अनुपमाने निंबाची काडी मोडली. टाकीचं झाकण घट्ट बसलेलं. जोर लावताच सूंऽऽ करून हवा आत शिरली. काडी जवळजवळ वरपर्यंत भिजली.

“आता चालू करा बरं.”

दोनदा अडखळून इंजिन सुरू झालं. झाकण तिने हातातच ठेवलं, टाकीच्या तोंडावर फडकं बांधलं. गाडी कुठेही न थांबता अकोल्याला डॉक्टरांच्या दारात पोचली.

विमलचा ताप उतरल्यावर जठारपेठेतल्या घरी तिने झाकण उजेडात धरलं. मधल्या बारीक भोकात लाल लाख. घरात लाख एकाच ठिकाणी असे: मृत्युपत्रांवर शिक्के मारायला, वकिलांच्या टेबलावर.

“हे तुम्ही केलंत?”

“विमलला पेट्रोलच्या वासाने उलट्या होत होत्या ना? तूच म्हणालीस, काहीतरी करा. भोक दिसलं, थेंब सोडला.”

“आणि गाडी बंद पडायला लागली ती कधीपासून?”

वकिलांनी आठवलं. त्यांचा चेहरा उतरला.

“त्यानंतरच.”

“पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी. भोक बुजलं, इंजिनाच्या पंपाला पेट्रोल ओढवेना. गाडी थांबली की फटीतून हळूहळू हवा शिरायची, मग थोडं अंतर चालायची. रॉकेल नाही, चोर नाही.”

“मी त्याला भर कचेरीत चोर म्हणालो, अनुपमा.”

“मी आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर आले नाही.”

सकाळी दोघं सूर्यभानच्या खोलीवर गेले. कुलूप. शेजारच्या जाईबाईने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आता आले व्हय? चोराले कोन गाडी देते? अकोटले काम शोधून राहिला तो. त्याची बायको मनकर्णा, दिवस भरत आले तिचे, तशीच गेली बिचारी मागं मागं.”

दोघांनी अकोटला जाऊन शोधलं, पण सूर्यभान आणि मनकर्णा सापडले नाहीत.

तुमच्यापैकी कोणी तिकडचं असेल तर कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या बाजूला चौकशी करा. सूर्यभान चोर नाही, हे गाडीमालकांना सांगा. पण आधी मनकर्णेकडे जा. बाळंतपणाला तिच्याजवळ कोणी आहे का, तेवढं बघा.