विसावा चेहरा

हणमंतराव मास्तर त्या सकाळी बरकतपुऱ्यातल्या घरून निघाले ते पोरांची हजेरी लावायला. बस्स, एवढंच काम. पण हजेरी तोंडानं घ्यायचे दिवस गेले हो. आता फोन वर्गावर धरायचा; तो प्रत्येक तोंडाभोवती हिरवा चौकोन काढतो, आणि चौकोन भरले तर शाळा जगते.

शहराबाहेर कोमटगुड्यात त्यांची मराठी शाळा, सहावी ते आठवी. पोरं एकोणीस, नियम विसाचा. आज तपासणीचे साहेब येणार होते. एक चौकोन कमी पडला की शाळेला कुलूप, आणि पोरांची रवानगी अकरा किलोमीटर लांबच्या तेलुगू शाळेत.

एका जादा पोरासाठी मास्तरांनी गावभर हातापाया पडून झालं होतं. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या जयवंताबाईंनाही गळ घातली. "बाई, आजच्या दिवस आठवीत बसा की."

"मास्तर, माझी नात हाय आठवीत! ती माझी कॉपी करंल."

साहेब आले आणि वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला. खिडकीबाहेरच्या चिंचेनं होता नव्हता तो उजेड गिळला. कुठून तरी दौतीतल्या शाईचा वास यायला लागला... आणि इथली पोरं तर बॉलपेननं लिहितात.

मास्तरांनी फोन उचलला. एक, दोन... अठरा, एकोणीस. चौकोन थांबले. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. तेवढ्यात शेवटच्या बाकावर, शिवराजच्या शेजारच्या रिकाम्या जागेभोवती, सावकाश, विसावा चौकोन उमटला.

'नवीन चेहरा,' फोन म्हणाला. 'कृपया पापणी लववा.'

सगळ्या माना मागं वळल्या.

'धन्यवाद.'

मास्तरांच्या बनियनमध्ये घामाची धार उतरली. "शिवराज... कोण आहे रे तिथं?"

"कुणीच न्हाई सर." शिवराज बाकाच्या टोकाला येऊन पडायच्या बेतात होता. "पर ती कोपरानं ढकलायली."

साहेबांनी मान वर केलीच नाही. त्यांच्या लेखी जे फोनमध्ये होतं, तेच खरं. "क्या मास्टरसाब, बीस हो गए ना? नाम डालो, जल्दी."

"रेणू," मास्तरांच्या तोंडून निघालं. कुठून, ते त्यांनाही ठाऊक नाही.

"पालक का नाम, नंबर? खाली नक्को छोडो. खाली छोडे तो उन्नीसच."

मास्तरांनी बाकांवरची एकोणीस तोंडं पाहिली. कुणाचा डबा उघडा, कुणाच्या नाकाला धार. मग त्यांनी स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर टाकला. साहेबांनी सही ठोकली. शाळा वाचली. पोरांनी असा काही कल्ला केला की चिंचेवरच्या वटवाघळांनी गाव सोडलं म्हणतात.

संध्याकाळी मास्तर बसमधून उतरले ते शीळ घालतच. जिना चढून दारात एक चप्पल काढली, दुसरी काढणार, एवढ्यात खिशात फोन थरथरला.

'प्रिय पालक, आपली पाल्य रेणू घरी सुखरूप पोहोचली आहे.'

मास्तर एका पायावर तसेच उभे.

आतून बायकोचा, अलकाबाईंचा आवाज आला, चांगलाच तापलेला. "अहो, लेकराला एकटीलाच पुढं धाडलंत व्हय? किती वेळची भुकेली बसलीय ती..."