न पडलेली माणसं

निरामयनगरच्या आरोग्य भवनात रोग सोडून सगळ्याची तपासणी होत असे. त्या दिवशी निधी समितीपुढे पतनवेधी होता. म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला बांधायचा हा पट्टा चालीतली डळमळ ओळखून, तो घरात पडून खुबा मोडून घेणार का, हे काही महिने आधीच सांगायचा. मग डॉ. मंदाकिनी लोटलीकरांच्या सेविका त्याच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवायच्या, पायांचे व्यायाम शिकवायच्या.

"चारशे जण पडणार म्हणालात," निवृत्तीनंतर पुन्हा नेमलेले अध्यक्ष सरंजामे म्हणाले. "पडले किती?"

"एकही नाही."

"म्हणजे चारशे भाकितं चुकली."

पेला फेकायचा मोह आवरून मंदाकिनीबाई पाणी प्यायल्या. "साहेब, काहीच केलं नाही तर काय होईल, ते यंत्र सांगतं. आम्ही केलं, म्हणून ते झालं नाही."

"मोडलेल्या खुब्याचं निदान बिल तरी येतं. न मोडलेल्याचं काय दाखवू?"

समितीने ठराव केला. एका वसाहतीत वर्षभर नुसतं भाकीत करायचं, दांडे बसवायचे नाहीत. माणसं पडली तर निधी चालू, नाहीतर बंद.

"पुराव्यासाठी हाड कुणाचं मोडायचं?" बाईंनी विचारलं.

"यंत्रच निवडू दे. नोंदी चोख हव्यात, रहिवासी घर न बदलणारे."

यंत्राने निवृत्त अधिकाऱ्यांची वसाहत निवडली, आणि आषाढात पहिलं नाव दिलं ते सरंजाम्यांचं.

संध्याकाळी फोन आला. इतके दिवस 'अहो लोटलीकर' असलेल्या बाई एकदम मंदाताई झाल्या होत्या. "ताई, तो दांडा..."

"ठराव आपलाच आहे, साहेब."

"बायको अंथरुणाला खिळलीय हो. मी पडलो तर तिला कोण उठवणार?"

बाईंनी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या आणि त्याच रात्री जाऊन दांडा बसवला. मग नाव आलेल्या प्रत्येक घरातून फोन आला. बाईंना कुठेच नाही म्हणवेना.

वर्षअखेरीला वसाहतीत कुणीही पडलेलं नव्हतं.

"कारण सगळीकडे दांडे आहेत," बाई समितीपुढे दात आवळून म्हणाल्या. "तुमच्याकडेसुद्धा."

"बसवायचे नाहीत असा ठराव होता," सरंजामे शांतपणे म्हणाले. "अर्थात, बसवले नाहीत."

"आणि यंदा ज्यांची नावं आलीत, त्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?"

"पडले की कळवा. खुब्याच्या शस्त्रक्रियेला भरपूर तरतूद आहे."

निधी बंद केल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. मग खुर्चीशेजारी नव्याने बसवलेला दांडा घट्ट धरून ते सावकाश उठले.