डाव्या हाताचा ठेका

"डावा! फक्त डावा हात! उजवा मांडीखाली दाबून ठेव!" कुसाआजी कडाडली, आणि रुद्रच्या हातातली काडीच खाली पडली.

"पण आजी, संबळ दोन हातांनी वाजवतात ना? मग एकाच हाताने काय शिकायचं?"

"लगीन दोघांचं असतं म्हून दोघं एकदम जन्माला येतात व्हय? आधी डावा, मंग उजवा. वाजव!"

आंब्याखाली बसलेली अकरा पोरं खो खो हसली. सगळ्यात मोठ्याने हसली ती निकिता, कारण रुद्र तिचा मामेभाऊ होता आणि मामेभावाची फजिती बघायला मिळाली तर कोण सोडणार? नाशिकच्या गंगापूर रोडवरून तो सुट्टीसाठी पेठच्या डोंगरातल्या करंजपाड्याला आला होता. पहिले दोन दिवस त्याने मोबाइलला नेट नाही म्हणून सुतक पाळलं. तिसऱ्या दिवशी निकिता आणि तिचा वर्गमित्र मुबीन यांनी त्याला धरून शिबिरात आणून बसवलं.

हे शिबिर नाशिकच्या एका संस्थेने भरवलं होतं. गावच्या कला गावच्या पोरांना शिकवायच्या, असा चांगला बेत. संस्थेने मोठा बॅनर पाठवला, प्रमाणपत्रं पाठवली, फक्त वाद्यं पाठवायची तेवढी राहिली. म्हणून पोरं तेलाच्या रिकाम्या डब्यांवर शिकत होती.

शिकवत होती कुसाआजी. करंजपाड्याच्या बोहाड्यात तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षं संबळ वाजवली होती. बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. गणपती येतो, राक्षस येतात, वेताळ येतो, आणि लाकडी मुखवटे चढवलेली ही सोंगं गावभर नाचतात. पण गेली सहा वर्षं बोहाडा झालाच नव्हता. आधी साथ आली, मग दुष्काळ, मग नुसताच आळस. वाजवणारे गेले आणि ठेके उरले ते एकट्या कुसाआजीच्या डोक्यात.

"आता पाण्याचा ठेका," आजी म्हणाली. "मुखवटा चढला की माणूस बोलत नाय. त्यो देव झाला ना! पण देवालाबी तहान लागती, चक्कर येती. मंग त्यो संबळवाल्याला हातानं खुणवतो, आन संबळवाला ह्यो ठेका धरतो. म्हंजी काय? पाणी आणा, मुखवटा उतरवा, माणूस थकला! ह्यो ऐकून जो जागचा हलत नाय, त्यो करंजपाड्याचा नाय."

मोठ्या तोंडावर डावा हात, बारक्या तोंडावर उजवा. धुम धुम, टण. धुम, टण टण. त्या दिवशी मात्र पोरांनी फक्त डाव्याचा वाटा घोटला. धुम धुम... धुम... धुम धुम... धुम... ऐकता ऐकता निकिताच्या अंगावर उगाच काटा आला. अर्धवट ठेका ऐकायला फार उदास वाटत होता.

"आजी, जुन्या शाळेतून धूर येतो म्हणे. खरं का?" मुबीनने मध्येच विचारलं.

कुसाआजीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "डब्याकडं बघ," ती एवढंच म्हणाली.

जुनी शाळा ओढ्यापलीकडे होती. नवी इमारत झाल्यापासून तिथे फक्त बोहाड्याचे मुखवटे आणि एक जुनी संबळ असायची. भर दुपारी, गाव घरात गपगार पडलेलं असताना, त्या ओसाड खोलीतून उदाचा धूर येताना दोघातिघांनी पाहिला होता. दारात कुणी तरी ताजी फुलं ठेवून जायचं. सहा वर्षं मान मिळाला नाही म्हणून वेताळ रागावलाय, असं गाव म्हणू लागलं होतं. पोरांना तिकडे जायची सक्त मनाई होती.

दुसऱ्या दिवशी कुसाआजी पहाटेच्या जीपने पेठच्या बाजाराला गेली आणि शिबिराला सुट्टी मिळाली. दुपारी तिघं ओढ्याच्या डोहात पाय सोडून बसले होते. ऊन रणरणत होतं. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

आणि तेव्हा तो आवाज आला.

धुम धुम...

"कोण वाजवतंय?" रुद्र कुजबुजला.

"आज कोण वाजवणार? संबळ तर जुन्या शाळेत असते," मुबीन म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्याचाच चेहरा उतरला.

"बघून येऊ या," निकिता उठली. "भूत असलं तर लांबूनच परत फिरू."

"भूत लांबून दिसतं का पण?" रुद्र म्हणाला, तरी तोही मागोमाग निघाला. एकटं मागे राहण्याचं धाडस त्याच्यात नव्हतं.

शाळेच्या दाराला कालपर्यंत नुसती कडी होती. आज तिथे नवं कोरं पितळी कुलूप लटकत होतं. आवाज थांबला होता. निकिता मुबीनच्या खांद्यावर चढली आणि खिडकीच्या मोडक्या फळीला डोळा लावला.

आत अंधार होता. हळूहळू भिंतीवरचे मुखवटे दिसू लागले. एका खिळ्यावर काहीच नव्हतं. निकिताची नजर खाली गेली आणि तिथे, जमिनीवर, वेताळ आडवा पडला होता. पांढरे सुळे, बाहेर आलेली लाल जीभ. मुखवट्याखाली नुसता काळोख होता आणि त्या काळोखावर मुखवटा सावकाश वर येत होता, खाली जात होता.

मुखवटा श्वास घेत होता!

निकिता धाडकन खाली पडली. काय दिसलं ते तिला सांगताच येईना. नुसतं "हलतोय! हलतोय!" एवढं ऐकून तिघांनी जी धूम ठोकली, ती थेट मारुतीच्या पारावर.

अर्ध्या तासात सगळं गाव गोळा झालं. तोवर आवाज पुन्हा सुरू झाला होता आणि वाऱ्यावर सगळ्यांनाच ऐकू येत होता. बोहाडा समितीचे अध्यक्ष दीपककाका घामाने डबडबले होते.

"सकाळीच मी कुलूप घातलं!" ते सांगत होते. "दार उघडं दिसलं. म्हटलं पोरं शिरत असतील. फोनवर होतो, तसंच दार ओढलं, कुलूप घातलं आन निघालो. आत चिटपाखरू नव्हतं!"

"आत वाकून पाहिलं होतं का?" निकिताच्या वडिलांनी, सोमनाथने विचारलं.

"फोनवर होतो म्हणतोय ना!"

मग मोठ्यांची खलबतं झाली. उद्या सकाळी हरसूलकडचा भगत आणायचा आणि तोवर दार उघडायचं नाही, असं ठरलं. दोघं जण भीत भीत जाऊन शाळेसमोर चुन्याची रेघ ओढून, लिंबू ठेवून आले. किल्ली दीपककाकांनी खिशात टाकली.

धुम धुम... धुम...

निकिता पारावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एकाएकी तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात मांडीवर आपोआप चालतोय. बाहेरच्या आवाजाबरोबर, तंतोतंत.

"बाबा!" ती ताडकन उठली. "हा पाण्याचा ठेका आहे!"

"गप पोरी," दीपककाका म्हणाले. "पाण्याचा ठेका मला ठाऊक नाय व्हय? बारीक तोंडाची टणटण कुठं हाय त्यात?"

"टणटण नाहीच येणार! हा फक्त डाव्या हाताचा वाटा आहे. आम्ही कालच शिकलो. आत जो कोणी आहे, त्याला उजवा हात चालवता येत नाही!"

दिवाळीत सावळीरामला अर्धांगवायूचा झटका आला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सावळीराम वेताळाचं सोंग घेणारा. तीस वर्षं त्याने वेताळ नाचवला होता. झटक्यात त्याचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

"सावळीराम पोराकडं गेलाय. पोरगा दिंडोरीला द्राक्षबागेच्या छाटणीला असतो," कुणी तरी म्हणालं.

"जाताना कुणी पाहिलं?" निकिताने विचारलं.

कुणीच पाहिलं नव्हतं. तो जेवायला असायचा शेजारच्या कुसाआजीकडे आणि ती तर आज बाजाराला गेलेली. मुबीन धावत जाऊन परत आला. सावळीरामचं घर नुसतं लोटलेलं होतं, कपड्यांची पिशवी खुंटीवर होती आणि काठी जागेवर नव्हती.

"आता तरी किल्ली द्या!" निकिता रडवेली झाली. "सकाळपासून सावळीआजाला पाणी नाही. केवढा उकाडा आहे आत!"

"आन वेताळानं त्याचं सोंग घेतलं असंल तर?" दीपककाका खिशावर हात दाबून मागे सरकले. "भगत येऊ दे. एका रातीनं काय होतंय!"

सोमनाथने तोंड उघडलं आणि भोवतीच्या माणसांकडे पाहून मिटलं. निकिताला वडिलांचा इतका राग कधीच आला नव्हता. तिकडे दोन ठेक्यांमधली शांतता लांबत चालली होती. आवाज यायचा, थांबायचा, आणि आता पुन्हा येतो की नाही, म्हणून ती कान देऊन ऐकायची. ऊन डोंगराकडे कललं होतं.

तिने मुबीन आणि रुद्रला बाजूला ओढलं. तिघांची डोकी क्षणभर एकत्र आली. मग मुबीन दीपककाकांच्या अगदी जवळ जाऊन, रुद्रशी बोलल्यासारखं करत, भल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तुला शहरातल्याला काय ठाऊक! वेताळ दार फोडत नाय. त्यो किल्ली शोधतो. दिवस मावळला की ज्याच्या खिशात किल्ली, त्याच्या उशाशी जाऊन बसतो!"

"बाप रे! आणि घरातल्या बाकीच्यांना?"

"त्यांना नुसता ताप येतो."

मुबीनचे वडील, शौकत शिंपी, बोहाड्याचे सगळे झगे शिवायचे. घरात ऐकलेलं असणार, असं काकांना वाटलं. त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे. मग घाईघाईने किल्ली काढून त्यांनी मारुतीच्या पायरीवर ठेवली आणि हात जोडले.

"मारुतीराया, ही तूच सांभाळ!"

"सांभाळली, काका!" निकिता ओरडली. तिने किल्लीवर झडप घातली आणि ओढ्याकडे पळत सुटली. मागोमाग मुबीन, आणि देवळातली पाण्याची कळशी उचलून रुद्र.

"अरे धरा! धरा त्यांना!"

सगळं गाव मागे धावलं, आणि चुन्याच्या रेघेशी येऊन जागच्या जागी थबकलं. पोरं रेघ ओलांडून गेली होती.

निकिताने कुलपाला किल्ली लावली. आपण चुकलो असलो तर? दार करकरलं. उन्हाची तिरीप आत गेली आणि भिंतीवरचे सगळे मुखवटे एकदम तिच्याकडे बघू लागले. खोली भट्टीसारखी तापली होती. जमिनीवर वेताळ तसाच आडवा पडला होता, पण त्याचं हलणं आता फार मंद झालं होतं.

"सावळीआजा?" निकिताने हाक मारली.

मुखवट्याखालून एक हात पुढे आला. सुरकुतलेला डावा हात. त्यातली काडी संबळीवर एकदाच पडली.

निकिताने मुखवट्याला हात घातला. तो इतका जड होता की तिला हलेना. तेवढ्यात तिच्या डोक्यावरून दोन बळकट हात आले आणि त्यांनी मुखवटा उचलला. सोमनाथ रेघ ओलांडून आला होता!

"आधी ओठ भिजव. एकदम पाजू नको," तो म्हणाला.

मग सावळीरामच्या डाव्या हाताच्या खुणांवरून हळूहळू सगळा उलगडा झाला. सावळीराम रोज दुपारी कुणाच्या नजरेस न पडता इथे यायचा. मुखवटे पुसायचा, ऊद लावायचा, फुलं ठेवायचा. झटक्यानंतर कुणी त्याला बोहाड्याचं काही विचारेनासं झालं होतं, म्हणून चोरून. आज मात्र उठल्यापासून राहवेना, म्हणून सकाळीच आला. तो मागच्या कोपऱ्यात असताना दार बंद झालं. हाक मारायला वाचा नव्हती. धडपडत उठताना तो पडला, भिंतीवरचा वेताळ अंगावर आला, आणि दुखऱ्या कमरेने त्याला तो सारता येईना. हाताला लागली ती एकटी संबळ.

जीप आली, सावळीरामला दवाखान्यात नेलं. आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सगळ्या गावाने तिघांच्या पाठी इतक्या थोपटल्या की त्या दुखू लागल्या. "पोरांनी गावाची लाज राखली!" असं म्हणणाऱ्यांत दीपककाकाच सगळ्यांत पुढे होते.

निकिता मात्र बाजूला पायरीवर जाऊन बसली. आत भूत नव्हतं हे कळल्यावर तिला जास्तच भीती वाटू लागली होती. एक माणूस दिवसभर पाणी मागत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागत होता, आणि सगळं गाव लिंबू ठेवून बाहेर बसलं होतं. काल डावा हात शिकलो नसतो तर आपणही तसेच बसलो असतो, हा विचार काही केल्या तिच्या मनातून जाईना.

अंधार पडल्यावर कुसाआजी बाजारातून परतली. पारावर बसून तिने सगळं ऐकलं. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग ती दीपककाकांकडे वळली.

"तुला ऐकू नाय आलं, दीपक?"

"आलं ना, मावशी," काका मान खाली घालून म्हणाले. "ऐकू आलं. पर कळलं नाय."

कुसाआजी उठली आणि दवाखान्यात धाडायची सावळीरामची पेज शिजवायला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आंब्याखाली पोहोचली, तर तिथे आधीच कुणी तरी येऊन बसलेलं. पुढ्यात तेलाचा डबा, हातात काडी. दीपककाका! त्यांच्या शेजारी सोमनाथ, त्याच्यापलीकडे शौकत शिंपी, आणि चुन्याची रेघ ओढणारे ते दोघंही. निकिताला आपल्या डोळ्यांवर विश्वासच बसेना.

"बघता काय?" दीपककाका ओशाळं हसले. "आमालाबी शिकायचंय."

कुसाआजी आली. तिने एकदा सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. मग निकिताच्या हातात आपली काडी दिली आणि ती बाजूला, झाडाच्या बुंध्याला टेकून बसली.

निकिता पुढे झाली. तिचा आवाज चांगला खणखणीत निघाला.

"काका, उजवा हात मांडीखाली!"

दीपककाकांनी मुकाट्याने हात मांडीखाली दाबला.