किंगकोब्राचं उजवं दार

डेल्फ्टची गाडी रद्द झाली आणि तेजल आणि सुमित, दोघेही तिथले विद्यार्थी, नीउ-व्हेनेप या डच गावात शिरीषकाकांकडेच अडकले. जेवणं झाली. काकूंनी वर गाद्या घातल्या. बाहेर वारा सुटला होता. काकांनी बैठकीतला मोठा दिवा घालवला आणि म्हणाले, "भूतबीत मी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो."

"म्हणजे आता भुताचीच गोष्ट," सुमित म्हणाला.

"गोष्ट नव्हे रे. मागच्या गल्लीतल्या श्यामकांतच्या बाबतीत घडलेलं आहे. पटलं नाही तर उद्या सकाळी त्याला विचार. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही."

काका सांगू लागले.

श्यामकांत मूळचा नाशिकचा. ओझरला विमानांच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेला, हात म्हणजे सोनं. बायकोला, ज्ञानदाला, इथे आयटीत नोकरी लागली आणि हा तिच्या व्हिसावर आला. चार वर्षं घरी. भाजी चिरायची, डच शिकायचं, अर्ज पाठवायचे. माणूस आतून कुरतडला गेला होता. मग टिलबर्गच्या बाहेर एका हँगरमध्ये वर्षाचं काम मिळालं. जुनी लढाऊ विमानं दुरुस्त करून उडवणारी हौशी मंडळी होती ती. वर्ष ऑक्टोबरअखेर संपणार होतं. विमान उडालं की कायम करू, असं प्रमुखाने, विमने, सांगितलेलं.

विमान कुठलं, तर किंगकोब्रा. अमेरिकेने महायुद्धासाठी बनवलेलं. युद्ध संपलं, विमानं उरली. फ्रान्सने त्यांतली काही थेट व्हिएतनामला नेली, तिथल्या लोकांचं स्वातंत्र्य दडपायला. एकाचं युद्ध संपलं की त्याच्या उरलेल्या सामानावर दुसऱ्याचं सुरू होतं, असा जगाचा धंदा. तर हँगरमधल्या या विमानाचं धड तिथूनच आलेलं. फ्रान्समधल्या एका भंगारवाल्याकडे कित्येक वर्षं पडून होतं. त्यात कोण बसायचं, त्याचं काय झालं, कागद नाही.

या विमानाची एक गंमत आहे. इंजिन पायलटच्या पाठीमागे, आणि आत शिरायला मोटारीसारखं दार. उजवीकडे. डावं दार या विमानात कायमचं बंद केलेलं. विमान पडायला लागलं तर आतली तांबडी मूठ ओढायची. बिजागरीच्या खिळ्या निसटतात, दार गळून पडतं, माणूस बाहेर.

तारीख लिहून ठेवा. तेवीस ऑक्टोबर दोन हजार तेवीस. सोमवार, खंडेनवमी.

ओझरला खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. श्यामकांतने इथेही केली. पांढऱ्या कापडावर पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर मांडले, हळदकुंकू वाहिलं. झेंडू कुठला मिळायला, आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधली शेवंती वाहिली. विमने हौसेने दोन पेढे खाल्ले. पण पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. आणि एक तपासणी राहिली होती... त्याच तांबड्या मुठीची. पाच मिनिटांचं काम, पण पत्रा उघडायला पाना लागणार. उड्डाण बुधवारी. श्यामकांतने मनात म्हटलं, उद्या सकाळी पहिलं हेच. आणि तपासणीच्या तक्त्यावर सही करून टाकली.

बारा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

सात वाजता घरी पोचतो, तोच विमचा फोन. "बुधवारी वादळ आहे. उद्या आठला उडवतोय. यूस्ट साडेसातला येईल. तुझ्या सगळ्या सह्या झाल्यात, तू दहाला आलास तरी चालेल."

यूस्ट म्हणजे पायलट. तिशीतला पोरगा, नुकताच बाप झालेला.

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण खोटी सही केली म्हटल्यावर नोकरी गेलीच. श्यामकांत "ओके" म्हणाला आणि बूट पुन्हा चढवले.

"आता कुठे निघालास?" ज्ञानदा.

"पक्कड विसरलो."

"शंभर किलोमीटर? पकडीसाठी?"

तो गाडीत जाऊन बसला. तिलाही खोटंच सांगितलं, हे त्याला सगळ्या वाटेभर टोचत राहिलं.

आठ वाजून पन्नास मिनिटांनी त्याने हँगर उघडला. आत चिटपाखरू नव्हतं. अर्धेच दिवे लावले. हत्यारं जशीच्या तशी कापडावर. त्यांना हात लावायचा नाही हे अजूनही डोक्यात होतंच. म्हटलं, नुसती मूठ ओढून बघायची, पाना कशाला लागतो? मोबाइल बाकावर ठेवला, पंखावर चढला, आत बसला. दार लावून घेतलं. उडताना ते बंदच असणार, तर बंद असतानाच तपासायला हवं. इतका काटेकोर माणूस.

मूठ ओढली.

हलली नाही.

पुन्हा ओढली. पाय टेकवून ओढली. काही नाही. उद्या यूस्ट इथे बसला असता. असो, सापडलं हे बरं झालं, म्हणून त्याने दाराची साधी कडी फिरवली.

तीही हलली नाही.

"मग खिडकी?" तेजलने विचारलं.

त्या काचेतून मांजर गेलं असतं. माणूस नाही. श्यामकांतने दारावर ठोसे मारले, हाका मारल्या. ऐकायला कोण? मोबाइल बाकावर वाजत होता. ज्ञानदाच असणार. वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

मग वास आला. ओल्या मातीचा. इथल्या वाळूचा नव्हे. चिकट, तापलेल्या मातीवर पाऊस पडल्यावर येतो तो. त्यात पेट्रोल.

विमानाची टाकी रिकामी होती.

आणि गरम व्हायला लागलं. पाठीमागून. जिथे इंजिन आहे तिथून. ते इंजिन शुक्रवारनंतर सुरू केलेलं नव्हतं... तरी पाठ भाजायला लागली. श्यामकांत घामाने निथळला. आई आठवली त्याला. त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी मूठ धरली.

त्याच्या हातांवर... आणखी दोन हात आले.

काका थांबले. सुमितने पाय वर घेतले.

मागून कोणी वाकून धरावेत तसे. पण मागे जागाच नाही. पाठीला पोलाद. त्या हातांना मोजे होते, ओले. श्यामकांत म्हणतो, मला भीती वाटली नाही. भीती त्याला वाटत होती. ते हात थरथरत होते.

दोघांनी मिळून ओढलं.

दार गळून खाली पडलं. थाड!

श्यामकांत पंखावरून जवळजवळ कोसळलाच. जमिनीवर बसून श्वास घेतला. मग उठून बॅटरी लावली आणि बिजागरी पाहिली. आत, पत्र्याच्या मागे, खिळ्यांना जुन्या तारेचा पीळ घातलेला होता. दार गळतं म्हणून कुणीतरी कधीकाळी बांधून टाकलं असेल, नंतर सोडवू म्हणून. तार बोटाएवढी जाड. गंजलेली. आणि मधोमध तुटलेली, तुटलेली टोकं लखलखीत. हातांनी तुटणारी तार नव्हती ती.

आता बघा. दार पुन्हा बसवून, गपचूप घरी जाता आलं असतं त्याला. तपासणी झाली, सही खरी ठरली, नोकरी पक्की. तो बराच वेळ त्या तारेकडे बघत बसला. मग मोबाइल उचलला आणि विमला फोन लावला.

"मी न तपासता सही केली होती," तो म्हणाला. "उद्या उडवू नका."

विम म्हणाला, "घरी जा, श्याम." नोकरी गेली ती तिथेच. आता गोदामात सरकते पट्टे दुरुस्त करतो. यूस्टची मुलगी मात्र दोन वर्षांची झाली.

"संपली?" सुमितने विचारलं. त्याला संपायला हवी होती.

मध्ये बोलू नको म्हटलं ना?

साडेदहाला श्यामकांत गाडीत बसला. एकटा. पिशवी डिकीत. गाडी हायवेला लागली आणि... टिंग. टिंग. टिंग. डॅशबोर्डवर तांबडा दिवा. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय, त्याने पट्टा लावलेला नाही.

शेजारची सीट रिकामी होती.

गोरिंचेमचा पूल आला. टिंग. टिंग. त्याने तिकडे बघितलं नाही. खिडकी उघडली. मातीचा वास जाईना. शेवटी रडकुंडीला येऊन, आपण मुलाला सांगतो तसं, तो मराठीतच म्हणाला, "पट्टा लाव रे बाबा."

खट्.

आवाज बंद झाला.

घरापर्यंत एक तास. दोघंही गप्प...

बारा वाजता घराशी गाडी लावली. धावत आत शिरला. जाता जाता सवयीने किल्लीचं बटण दाबलं. ज्ञानदाला सगळं सांगितलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला आणि झोपला.

सकाळी ज्ञानदा ऑफिसला निघाली. दारातूनच तिने हाक मारली. "श्याम, शेजारच्या सीटचा पट्टा कुणी लावलाय?"

तो पायजम्यावरच बाहेर आला. रिकाम्या सीटवर पट्टा ताणून बसलेला. त्याच्या डोक्यात एकदम लख्ख झालं... आपण रात्री गाडी लॉक केली, आणि ही गाडी किल्लीने लॉक केली की आतूनही उघडत नाही. त्याने धडपडत बटण दाबलं, बाहेरून दार उघडलं, पट्टा सोडला आणि बाजूला झाला. "उतर," म्हणाला. "चुकलं माझं. उतर, बाबा."

ज्ञानदा मात्र दाराच्या आतल्या बाजूकडे बघत होती.

दार उघडायची आतली कडी जागेवर नव्हती. खाली पायपुसण्यावर पडली होती. दोन्ही स्क्रूंसकट उपटलेली.